बावडीवरची पौळ: आम्ही रचलेली भिंत पहिल्याच पावसात का पडली?

बावडीवाली
नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे पण प्रश्न खरा आहे आणि उत्तर हवंय, म्हणून सगळं सांगते.

आम्ही इंदूरचे सात-आठ जण, कोणी राजेंद्रनगरचे कोणी सुदामानगरचे, दोघं महूहून येतात, दोन वर्षांपासून रविवारी खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे एका गावात जातोय. गावाच्या वरच्या अंगाला जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे आणि तिच्या डोंगराकडच्या बाजूला दगडाची कोरडी भिंत. कोरडी म्हणजे चुना नाही सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. माझी आजी नगरकडची, ती अशा भिंतीला पौळ म्हणायची. गुरं बावडीत उतरू नयेत आणि पावसात वरून येणारी माती थांबावी, एवढं त्या भिंतीचं काम. एकूण दीडशे फूट असेल, त्यातली साठेक फूट ढासळलेली होती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बावीस फूट परत रचली, उंची सव्वाचार फूट. गावात गूळ वाटला, इतका आनंद झाला होता. आणि या ऑगस्टमध्ये त्यातली चौदा फूट पडली. आधी मधोमध पोट आलं, मग एका रात्री अख्खी बाहेरच्या बाजूला झोपली. आणि शेजारची जुनी भिंत, जी कोणी बांधली हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही, ती जशीच्या तशी!

आता पंचायतीत म्हणतायत की सोडा हे, सिमेंटची करून टाकू. मला ते मनापासून नकोय, पण आमचीच पडली म्हटल्यावर कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तर दोन प्रश्न. आमची का पडली? आणि कोरडीच हवी असा आग्रह धरावा का?

सराफा_रात्री
पंचायतीला दगडापेक्षा वीट मऊ वाटून राहिली आहे :) ताई, मला भिंतीतलं काही कळत नाही पण उचलायला माणूस हवा असेल तर सांगा, रविवारी मोकळा असतो.

काळा_पाषाण
मी ३४ वर्षं रस्ते आणि पुलांच्या कामावर होतो, निवृत्त आहे. उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारतो, प्रामाणिकपणे सांगा.
पाया किती खोल घेतलात आणि खाली काय लागलं, काळी माती की मुरूम? लांबट दगड कसे ठेवलेत, लांबी भिंतीच्या आत गेली का भिंतीच्या बरोबरीने आडवी पडली? दोन्ही तोंडं जोडणारे आरपार दगड होते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीच्या पोटात काय भरलंत?

गडग्यापलीकडे
आमच्या कोकणात याला गडगा म्हणतात. मी इंदूरला २१ वर्षं आहे पण "गडगा" शब्द ऐकला की आजोळचं परसू आठवतं. आमच्याकडे जांभा दगड, म्हणजे चिरे, पण गडग्याला चिरे कोणी वापरायचं नाही, शेतात निघालेले धोंडे नि फुटके तुकडे घेऊन गडगा घालायचा. पावसाळ्याआधी आजोबा अख्ख्या गडग्याला एक फेरी मारायचे, जिथे दगड निसटलाय तिथे लगेच बसवायचे. ते म्हणायचे एक दगड निसटला की बाकीच्यांना वाट सापडते. त्यामुळे माझ्या मते पडणं हा दोष नाहीच, कोरडी भिंत दर वर्षी थोडी पडतेच, दर वर्षी बघायला जाणारं माणूस लागतं.

अवांतर: आजोळी शेजारच्यांशी कायम वाद, कारण दुरुस्ती करताना ते गडगा वीतभर आमच्याकडे सरकवायचे, आणि मग पुढच्या वर्षी आमचे मामा तो वीतभर परत! गडगा दोन्ही घरांचा सगळ्यात जास्त प्रवास केलेला सभासद.

बावडीवाली
@काळा_पाषाण काका, लिहिते. पाया साधारण एक फूट घेतला, काळी माती होती, खाली अजून खणायचं का हे कळलं नाही. दगड छान दिसावेत म्हणून मोठी बाजू बाहेर ठेवली, म्हणजे आडवेच पडले असतील. आरपार दगड... नाही, हा प्रकारच माहीत नव्हता. आणि पोटात आम्ही मुरूम आणि माती भरली, घमेल्याने ओतत गेलो, पटापट काम व्हायचं.

काळा_पाषाण
उत्तर तुम्हीच दिलंत ताई. पण बाकीच्यांसाठी थोडं उलगडून लिहितो, उद्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, फार वेळ स्क्रीन बघू देत नाहीत.

परखड_काकू
मला एक गोष्ट खटकली ती बोलते, राग मानू नका. गावात दगडाचं काम करणारी माणसं नाहीत का? आपल्याकडे वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडले, विहिरी, धरणं, रस्ते उभे केले. माळव्यातही असे कारागीर आहेत. त्यांना आज काम मिळत नाही, पोरं शहरात सेंट्रिंगवर जातात. आणि आपण पगारी सुट्टीच्या दिवशी जाऊन तेच काम फुकट करतो आणि त्याला सेवा म्हणतो. भिंत पडली ते एका अर्थी ठीकच झालं. ज्याचं काम त्याला द्या आणि मजुरी द्या.

सराफा_रात्री
काकू, हे जरा कडक झालं.

परखड_काकू
कडक आहे पण खोटं आहे का?

यॉर्कशायरचा_इंदुरी
मी मूळ रामबागचा, आता १२ वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सजवळ. धागा वाचून राहवलं नाही कारण मी इकडे महिन्यातून एक शनिवार हेच करतो!

यॉर्कशायर डेल्समध्ये अशा भिंती आठ हजार किलोमीटरहून जास्त आहेत, टेकड्यांवर जिकडे बघाल तिकडे राखाडी रेघा. त्यातल्या पुष्कळशा १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि १९व्याच्या सुरुवातीला उभ्या राहिल्या, कारण तेव्हा सामाईक चराऊ रानं कायद्याने वाटून खाजगी केली गेली. म्हणजे आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ती भिंत कोणातरी गरिबाची गायरानावरची वाट बंद करून उभी राहिलीय, हे इकडे आम्हाला शिकवणारा म्हातारा दर वेळी सांगतो.

आता कामाचं. पहिल्या दिवशी आम्हाला एकही दगड रचू दिला नाही. सकाळभर फक्त पडलेली भिंत उतरवणे आणि दगड लावून ठेवणे. सगळ्यात वर बसायचे डोक्याचे दगड सर्वात लांब, मग तोंडाचे, पोटात भरायचे बारके वेगळे ढीग करून, आणि भिंतीच्या कडेला दोन-तीन फूट चालायला मोकळी वाट. मग सांगितलेलं हे:

भिंत एक नसते, दोन असतात. दोन पातळ भिंती एकमेकींकडे झुकलेल्या, खाली अडीच फूट रुंद तर वर सव्वा फूट. प्रत्येक दगडाची लांबी आत. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा एक दगड, सांध्यावर सांधा येता कामा नये. मध्ये बारके दगड, पण हाताने एकेक बसवलेले, ओतलेले नाहीत. अर्ध्या उंचीवर दर तीन फुटांना एक आरपार दगड, तो दोघींना बांधून ठेवतो. आणि माती? माती दिसली की म्हातारा चक्क ओरडतो.

एक दगड उचललास की त्याला जागा मिळेपर्यंत खाली ठेवायचा नाही, हा पण नियम. सुरुवातीला मला वाटलं हे काय, पण खरंच हातात धरून बघत राहिलं की जागा दिसते. दिवसाला एका नवशिक्याची एक-दीड मीटर भिंत झाली तर खूप. तुम्ही बावीस फूट किती दिवसांत केली?

@परखड_काकू, इकडे हा वाद आहेच. १९६८ सालापासून कोरड्या भिंतींची एक संघटना आहे, ती परीक्षा घेऊन दर्जा देते, आणि पगारी कारागीर वेगळे. आमच्यासारखे लोक सहसा अशा भिंती करतात ज्यासाठी कोणी पैसे देणार नसतं. पण शिकवणारा मात्र कारागीरच असतो आणि त्याला त्या दिवसाचे पैसे मिळतात.

बावडीवाली
बावीस फूट आम्ही चार रविवारात केली. वाचूनच लाज वाटली आता.

सराफा_रात्री
लाज कसली. मेंढ्यांचं काय करतात ते सांगा ना यॉर्कशायरवाले भाऊ, एवढ्या भिंती म्हटल्यावर मेंढी पलीकडे जाते कशी?

यॉर्कशायरचा_इंदुरी
भिंतीच्या पायथ्याशीच चौकोनी दार ठेवतात, वर एक लांब दगड आडवा टाकून. मेंढी जाते, गाय अडकते. सशांसाठी अजून लहान भोक असतं. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराला मांजरासाठी दारात खालचा कोपरा कापलेला होता, तसंच.

किल्ल्याखालचा
ग्वाल्हेरहून. इकडे वन विभागाच्या रोपवनाभोवती अशाच भिंती दिसतात, त्याला खखरी म्हणतात. पण आमच्याकडे वालुकाश्म. त्याच्या सरळ पट्ट्या निघतात, एकावर एक ठेवल्या की काम झालं. तुमचा माळव्याचा काळा दगड म्हणजे गोटे. तुमची बिचाऱ्यांची परीक्षा आमच्यापेक्षा अवघड आहे, हे मान्य करून टाकतो.

काळा_पाषाण
कालचं पुढे. किल्ल्याखालचा म्हणतात ते बरोबर. आपला बेसॉल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गोटा राहतो. शेतात मिळतात ते हेच. गोल दगड एका ठिकाणी टेकतो, बसत नाही. म्हणून माळव्यात दगड फोडावा लागतो, निदान एक सपाट तोंड काढावं लागतं, आणि मागून चिपा, म्हणजे दगडाचे पातळ तुकडे, मारून घट्ट करावा लागतो. चीप बाहेरून ठोकायची नाही. बाहेरून ठोकलेली चीप दोन वर्षांत गळते.

आता तुमची भिंत. बेसॉल्टचा एक घनफूट ८० किलोच्या आसपास भरतो. तुमच्या उंचीच्या भिंतीत पोकळी वजा करून एका फूट लांबीला साधारण पावणेपाचशे किलो दगड बसतो. म्हणजे चौदा फुटांत साडेसहा-सात टन. एवढं वजन तुम्ही काळ्या मातीवर ठेवलंत, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पाया मुरमापर्यंत जायलाच हवा होता. पण भिंत पाडली ती पायाने नाही, पोटातल्या मातीने. दगडांमधून पाणी येतं आणि जातं, भिंतीवर त्याचा दाब बसत नाही, हीच कोरड्या भिंतीची खरी करामत. तुम्ही मध्ये माती भरून पाण्याला मुक्काम करायला जागा दिलीत. माती भिजली, फुगली, आणि तोंडाचे दगड आडवे ठेवलेले, आत मूळ नाही, आरपार काही नाही. मग पोट येणारच.

पंचायतीच्या सिमेंटबद्दल: वरून डोंगराचं पाणी येतंय. सिमेंटची भिंत पाणी अडवते. खाली पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत, किंवा ठेवली आणि मातीने बुजली, तर मागे पाणी साचून ती भिंतसुद्धा झुकते, आणि झुकते तेव्हा अख्खा पडदा येतो. तो परत उचलून रचता येत नाही. तुमचे चौदा फूट दगड मात्र सगळेच्या सगळे तिथेच पडलेत ना? एक पैसा न घालता परत वापरता येतील.

शेतावरचा
देवासकडे आमची शेती आहे, तीन पिढ्यांपासून. तुम्ही सगळे बोलताय ते बरोबर पण मी शेतकरी म्हणून सांगतो, चार फुटांची भिंत गाय अडवेल, घोडारोज नाही अडवणार. नीलगाय हो. हरभरा आणि गहू उभा असताना कळप येतो आणि अशी भिंत ओलांडून जातो. त्यामुळे आमच्याकडे लोकांनी दगड विकून टाकले आणि जाळी लावली. आमच्या बाबांनीसुद्धा विकले. ट्रॅक्टरने उचलून नेले, दोन दिवसांत दोनशे फूट भिंत साफ. मी तेव्हा कॉलेजात होतो, काही वाटलं नव्हतं. आता बांधावरची माती दर पावसात खाली नाल्यात जाते तेव्हा कळतं की ती भिंत फक्त गुरांसाठी नव्हती. खालच्या बाजूला माती साचून शेत हळूहळू सपाट व्हायचं.

ती परत बांधायची म्हटली तर आता दगड विकत घ्यावा लागेल.

गडग्यापलीकडे
@शेतावरचा दादा, महाराष्ट्रात नाल्यांमध्ये अनघड दगडी बांध घालतात ते याच तत्त्वावर. उतारावर दगड रचायचे, पाणी जाऊ द्यायचं, माती ठेवून घ्यायची.

नवखी_आई
मध्येच विचारते, माझा मुलगा अकरावीत आहे, तो या कामाला येतो म्हणतोय. जुन्या दगडांत विंचू-साप असतात ना? मला भीती वाटते.

बावडीवाली
असतात. सुरुवातीच्याच रविवारी विंचू निघाला, आणि एकदा फुरसं, बोटभर जाडीचं, वळून बसलेलं. म्हणून नियम केलेत: दगड आधी पहारीने सरकवायचा, हात खाली घालायचा नाही, दगड आपल्याकडे ओढून पलटायचा म्हणजे निघालेला प्राणी पलीकडे जातो. चामड्याचे हातमोजे, बंद बूट. सरडा, पाल, सापसुरळी यांना जाऊ द्यायचं, त्यांचं घर आहे. आणि कोणतं हॉस्पिटल जवळ आहे, तिथे विषावरची लस आहे का, हे सीझनच्या सुरुवातीला जाऊन विचारून येतो. मुलाला पाठवा पण तुम्ही पण या, पहिल्या वेळी तरी.

इर्जिक
मी वाचक, फार लिहीत नाही, पण परखड काकूंच्या मुद्द्यावर लिहावंसं वाटलं म्हणून नाव पण तेच घेतलं.

आपल्याकडे इर्जिक होती. एखाद्याची नांगरट अडली की गावचे बैल आणि माणसं एक दिवस त्याच्याकडे, तो जेवण घालणार, मजुरी नाही. सावड होती, आज मी तुझ्याकडे उद्या तू माझ्याकडे. आणि इकडे झाबुआला भिल्ल समाजात हलमा आहे. एखाद्या घराचं काम एकट्याने होईना की तो हलमा बोलावतो आणि सगळे जातात. झाबुआच्या हाथीपावा टेकडीवर हजारो माणसं स्वतःची गैती (कुदळ) आणि फावडी घेऊन येतात आणि पाणी मुरण्यासाठी चर खणतात. ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर उभं केलं त्या महेश शर्मांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. मी एकदा तिथे गेलो होतो. पहाटे डोक्यावर गैती घेतलेल्या बायकांची रांग टेकडी चढत होती, ती मला अजून दिसते.

पण काकू, तुमचा मुद्दा मी उलटा नाही करत आहे, उलट पुढे नेतो. हलमात हाक ज्याची अडचण आहे तो मारतो. बावडीवालीताई, तुमच्या गावात हाक कोणी मारली होती? गावाने का तुम्ही?

बावडीवाली
हा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय.

हाक आम्हीच मारली. बावडी बघायला गेलो होतो, भिंत पडलेली दिसली, वाईट वाटलं आणि सुरू केलं. गावातले लोक मदतीला यायचे, चहा द्यायचे, पण ते आमचं काम होतं.

यॉर्कशायरचा_इंदुरी
एक राहिलं. २०१८ मध्ये युनेस्कोने कोरड्या दगडी भिंतींची कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा आठ देश होते, ग्रीस, इटली, स्पेन वगैरे, २०२४ मध्ये आयर्लंड धरून अजून पाच आले. ब्रिटन त्यात नाही. मुद्दा असा की यादीत भिंत नाही गेली, ती रचण्याची हातोटी गेली. तुमच्या गावात ती हातोटी असलेला कोणी जिवंत आहे का, बघा.

बावडीवाली
आहे!!

लिहायला उशीर झाला, काल रात्रीच परत आलो. या वेळी आम्ही काम केलंच नाही, फक्त घरोघरी विचारत फिरलो की भिंतीचं काय करावं. आणि कळलं की बावडीपासून तिसऱ्या घरात एक दादाजी आहेत, सत्तरीच्या पुढचे, ज्यांनी तरुणपणी आसपासच्या चार-पाच गावांत असंच काम केलंय. दोन वर्षं आम्ही त्यांच्या ओट्यासमोरून दगड वाहत होतो! ते रोज बघायचे. मी विचारलं तुम्ही बोलला का नाहीत, तर म्हणाले, "पूछा किसने?"

काठी टेकत वर आले. पडलेल्या भिंतीजवळ गेले, पायाने मुरूम सारला आणि म्हणाले "पेट में मिट्टी भर दी, ये तो बैठनी ही थी." काळा पाषाण काका, तुमचं वाक्य जवळजवळ शब्दशः! मग त्यांनी जुन्या भिंतीत एका जागी हात ठेवून दाखवलं, बाहेर वीतभर तोंड दिसत होतं, आणि म्हणाले हा आत दोन हात आहे. मी तो दगड शंभरदा पाहिलाय. तो आरपार दगड आहे, दुसऱ्या बाजूला निघतो हे मला कधी दिसलंच नव्हतं.

त्यांच्या नातवाला पण बोलावलं, तो महूला सेंट्रिंगवर जातो. ठरलं असं: दादाजी बसून सांगणार, नातू आणि त्याचा एक मित्र रचणार, दोघांनाही आणि दादाजींनाही मिस्त्रीची पूर्ण मजुरी, ती आम्ही वर्गणीतून देणार. आम्ही दगड उतरवणे, निवडणे, वाहणे आणि पोटातले बारके बसवणे. परखड काकू, आता चालेल का?

पंचायतीत पण गेलो. सिमेंट रद्द झालं नाही. पण सरपंचताई म्हणाल्या, एवढी चौदा फूट नीट करून दाखवा, एक पावसाळा काढू द्या, मग बाकीचं बोलू.

परखड_काकू
चालेल. वर्गणीत माझे एक दिवसाचे मिस्त्रीचे पैसे धरा. आणि मी येईन पण, वाकता येत नाही पण निवडायला बसेन.

काळा_पाषाण
पाया मुरमापर्यंत. माझं एवढंच. दादाजी काही वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका, पण एकदा मला कळवा का ते.

बावडीवाली
काका, तेच म्हणाले, आणि वर असंही की पायात सगळ्यात मोठे दगड, "जो दो आदमी से उठे वो नीचे."

शेतावरचा
पायाला मोठे दगड कमी पडले तर सांगा. बाबांनी विकले त्यातले आठ-दहा फार मोठे होते, ट्रॅक्टरवर चढले नाहीत म्हणून अजून बांधावर पडलेत. गाडीची सोय मी करतो.

नवखी_आई
आम्ही दोघं येतोय. कुठे आणि किती वाजता?

बावडीवाली
@शेतावरचा दादा, हवेत, नक्की हवेत, फोन करते.

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. सकाळी साडेसहाला राजेंद्रनगरच्या पुलाखाली भेटू, गाड्या वाटून घेऊ. पाणी आपापलं, जेवण गावात, दाल-बाफले दादाजींच्या घरून, त्याचे पैसे पण वर्गणीत धरलेत. हातमोजे ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी आधी सांगा. पहारी दोनच आहेत, अजून दोन लागतील, आणि एक पाच किलोचा घण. कोणाकडे असेल तर आणा.

सराफा_रात्री
घण आहे, मामांचा. घेऊन येतो.